पाकग्रंथांची परंपरा आणि सातपुड्याच्या पायथ्याची चूल

पाकशास्त्र हा शब्द आपल्याकडे जुना आहे. परंतु पाकग्रंथ ही वस्तू सामान्य गृहिणीच्या हाती येऊन फार काळ लोटलेला नाही. स्वयंपाक ही वाचून शिकावयाची नव्हे, पाहून उचलावयाची विद्या, असा आपला परंपरागत समज. आजीच्या हाताखाली नात, सासूच्या हाताखाली सून आणि मोठ्या आचाऱ्याच्या हाताखाली धाकटा आचारी, अशी ती चालत आली. त्यामुळे इंग्लंडात दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे पाकग्रंथ आजही आवडीने वाचले जातात, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि त्यांतील कृती घरच्या चुलीवर पुन्हा चढतात, हे ऐकून आपणांस नवल वाटते. या जुन्या ग्रंथांत एवढे काय आहे, आणि पांढुर्णा-सौसर भागातील आम्हां मराठी भाषकांनी त्यांपासून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इंग्लंडातील पाकलेखनाचा आरंभ राजवाड्यात झाला. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी इ. स. १३९० च्या सुमारास 'फॉर्म ऑफ क्युरी' नावाचा संग्रह सिद्ध केला. यातील 'क्युरी' म्हणजे आजची 'करी' नव्हे. रांधणे एवढाच त्या जुन्या शब्दाचा अर्थ. अमुक पदार्थात अमुक जिन्नस घालावे एवढे या संग्रहात सांगितलेले असते; ते किती घालावे आणि किती वेळ शिजवावे, हे बहुधा सांगितलेले नसते. ज्याला रांधता येते त्याला आठवण करून देण्यापुरतेच ते लेखन होते. असा ग्रंथ इतिहाससंशोधकाच्या उपयोगी पडतो. नवख्या गृहिणीच्या नव्हे.

पुढचा टप्पा घरगुती वह्यांचा. एलिनॉर फेटिप्लेस या सधन घराण्यातील स्त्रीची इ. स. १६०४ हे साल घातलेली हस्तलिखित वही वारसाने उतरत उतरत आजच्या काळापर्यंत आली आणि हिलरी स्पर्लिंग या लेखिकेने ती १९८६ साली प्रसिद्ध केली. अशा वह्यांत मुरंब्याशेजारी औषध असते आणि पक्वान्नाशेजारी गुलाबपाण्याची कृती. एखादी कृती करून पाहिली व ती उतरली, म्हणजे तिच्यापुढे 'सिद्ध झाली' या अर्थाचा लॅटिन शेरा लिहिण्याची चालही त्या काळी होती. वही एकीच्या हातची असली तरी अनुभव अनेकींचा असे.

वेळ मोजण्याची त्यांची रीत तर आपल्या वाचकांस विशेष रुचेल. सर केनेल्म डिग्बी यांच्या मृत्यूनंतर, १६६९ साली, त्यांचा पाकसंग्रह छापला गेला. त्यात चहाच्या पत्तीवर उकळते पाणी किती वेळ ठेवावे हे सांगताना मिनिटांचा हिशेब दिलेला नाही. बायबलातील एक स्तोत्र सावकाश म्हणून होईपर्यंत ठेवावे, असे सांगितले आहे. ज्या घरी घड्याळ नाही त्या घरी स्तोत्र आहे, हे लिहिणाऱ्याने जाणले होते. रामरक्षा म्हणावयास किती वेळ लागतो हे ज्यांस कोणी सांगावे लागत नाही, त्यांस या मापाची सोय निराळी समजावून देण्याचे कारण नाही.

यानंतर १७४७ साली लंडन येथे हॅना ग्लास यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. स्वयंपाकाची कला साधी व सोपी करून सांगणे हे त्याच्या नावातच होते. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. एका स्त्रीने लिहिलेला, एवढाच उल्लेख होता. आपण मुद्दामच उच्चभ्रू भाषा वापरलेली नाही, कारण घरात काम करणाऱ्या मुलींस ती कळावयाची नाही, असे बाईंनी आरंभीच सांगून टाकले. त्या काळच्या पाकग्रंथांत हे धाडसच होते. पुढे शंभर वर्षे हा ग्रंथ खपत राहिला. लेखिकेच्या नशिबी मात्र सुख नव्हते. १७५४ साली त्यांचे दिवाळे निघाले, ग्रंथाचा हक्क विकावा लागला आणि कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला.

याच ग्रंथात हिंदुस्थानी पद्धतीच्या 'करी'ची कृती आहे. इंग्रजीत छापलेल्या अशा कृतींत ती सर्वांत जुन्यांपैकी गणली जाते. त्यात मसाला म्हणून मुख्यतः धणे आणि मिरे एवढेच. आणि धणे भाजावयाचे ते एका स्वच्छ फावड्यावर, विस्तवावर धरून. आपल्याकडील कोणतीही मुलगी हे वाचून हसेल. परंतु हसून झाल्यावर तिच्या एक गोष्ट ध्यानात यावी. समुद्रापलीकडच्या ज्या बाईने आपला तवा पाहिला नव्हता, तिने घरात जे हाताशी होते त्यावर धणे भाजून वेळ निभावली आणि ते प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले. त्या एका फावड्यामुळे तेव्हाचे स्वयंपाकघर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मोठ्या इतिहासग्रंथांत हे सापडत नाही.

एलायझा ॲक्टन यांनी १८४५ साली जो ग्रंथ लिहिला, त्याने या शास्त्रास शिस्त लावली. बाई मूळच्या कवयित्री. त्यांनी कृती स्वतः करून पाहिल्या, आणि प्रत्येक कृतीच्या अखेरीस लागणारे जिन्नस, त्यांचे वजन व लागणारा वेळ नेमका नोंदविण्याची पद्धत पाडली. त्यांच्या ग्रंथात एक 'प्रकाशकाचे पुडिंग' आहे. त्यात बदाम, साय, मनुका यांची लयलूट. दुसरे 'गरीब लेखकाचे पुडिंग' आहे. त्यात दूध, पाव आणि थोडी साखर. विनोदातील बोच बाजूस ठेवली तरी श्रीमंताचे आणि गरिबाचे अन्न एकाच ग्रंथात, सारख्याच काळजीने लिहिलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८६१ साली आलेल्या इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथाने तर खपाचा उच्चांक केला. पहिल्याच वर्षी त्याच्या साठ हजारांच्या आसपास प्रती गेल्या. जिन्नसांची यादी कृतीच्या शिरोभागी देण्याची रीत त्यांनी रूढ केली व खर्चाचा अंदाजही दिला. बाई १८६५ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी कृती मात्र पुष्कळशा दुसऱ्यांच्या घेतल्या होत्या, ॲक्टनबाईंच्याही घेतल्या होत्या, आणि जिची कृती तिचे नाव सांगण्याची तसदी बहुधा घेतली नाही. ग्रंथ उपयुक्त असला तरी हा दोष दोषच राहतो.

हे ग्रंथ टिकले कशामुळे? आमच्या मते, ते अशा वाचकासाठी लिहिले गेले की ज्याला विचारावयास जवळ कोणी नव्हते. त्या शतकांत इंग्लंडातील खेडी ओस पडून शहरे भरू लागली. गिरणीगावात संसार मांडणाऱ्या मुलीची आई शंभर कोसांवर राहिली. शिकवणाऱ्या हाताशी असलेले नाते तुटले. ती जागा या ग्रंथांनी घेतली. पुढे विसाव्या शतकात, डबाबंद अन्नाच्या काळी, फ्लॉरेन्स व्हाइट यांनी १९२८ साली इंग्रजी लोकपाककलेची संस्था काढली, गावोगावच्या लोकांकडून कृती मागवल्या आणि १९३२ साली त्यांचा संग्रह छापला. डोरोथी हार्टली यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात चुली, भांडी व अवजारे स्वतः चित्रे काढून नोंदवली. हरवत चाललेली वस्तू हरवण्यापूर्वी टिपून ठेवावी, या जाणिवेने ही कामे झाली.

आता आपल्या परंपरेकडे वळू. येथेही आरंभ राजदरबारातच झालेला दिसतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या इ. स. ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. इडलीचे पूर्वरूप मानली जाणारी 'इडरिका' त्यात आहे. आणि गव्हाच्या पिठाचे, हाताने पसरून तापल्या खापरावर भाजावयाचे 'मंडक' आहेत. हेच आपले मांडे. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' रचले. त्यांना तंजावरच्या व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. प. कृ. गोडे यांनी जिलेबीचा इतिहास शोधताना याच ग्रंथाचा आधार घेतला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखितही जतन झाले आहे. परंतु हे सारे ग्रंथ राजांचे, वैद्यांचे आणि पंडितांचे. घरची सून ते वाचील अशी कल्पना त्यांच्या कर्त्यांनी केली नसावी.

छापील मराठी पाकग्रंथांचा काळ १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'ने सुरू झाला. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हा ग्रंथ सिद्ध केला; एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेला हा मराठीतील मोठाच उद्योग. १९४३ साली मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' प्रसिद्ध केली. तिचा उल्लेख या मासिकाच्या वाचकांपुढे अधिक आपुलकीने करावासा वाटतो. ज्या घरांत बोली कोकणी, त्या घरांतील स्त्रियांनी आपल्या चुलीवरचे अन्न मराठीत लिहिले. आणि नुसते अन्न नव्हे, सणवार व घरगुती औषधेही त्यात घातली. फेटिप्लेसबाईंच्या वहीत जे घडले तेच येथे साडेतीन शतकांनी, निराळ्या समुद्रकाठी घडले. शेवटी १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. तिने शेर-छटाकाचा आणि ग्रॅमचाही घोळ न घालता घरच्या वाटीने माप सांगितले.

या वाटीचे महत्त्व थोडे उलगडून सांगितले पाहिजे. ऐंशी तोळ्यांचा, सोळा छटाकांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पायली तर गावोगाव निराळी. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने-मापे देशभर आली आणि जुन्या वह्यांतील आकडे नव्या मुलींस परके झाले. वाटी मात्र परकी झाली नाही. कारण वाटी सांगते ते वजन नव्हे, प्रमाण होय. तुमची वाटी लहान असो की मोठी, एकीस दोन हे नाते बदलत नाही. ॲक्टनबाईंनी तराजूने जे साधले, तेच ओगलेबाईंनी वाटीने साधले.

एवढी समृद्ध परंपरा असताना आमच्या भागाची स्थिती काय आहे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौसर मिळून २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा, कापूस, ज्वारी आणि घरातील मराठी ही आमची ओळख. शाळा-कचेरीची भाषा मात्र बहुतांशी हिंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी होणाऱ्या गोटमारीची बातमी दरवर्षी दूरवर छापून येते. त्याच दिवसांत घरोघर बैलांच्या नैवेद्याचे पुरण शिजते, त्याची बातमी कोठे येत नाही. तशी येण्याचे कारणही नाही. परंतु त्यामुळे बाहेरच्यांनी आम्हांस ओळखावे ते दगडांवरून, पुरणावरून नव्हे, असे होऊन बसले आहे.

आमच्या चुलीचे वैशिष्ट्य तिच्या शब्दांत आहे. पुण्या-मुंबईच्या ग्रंथात 'कोथिंबीर' असते. आम्ही तिला 'सांबार' म्हणतो आणि तिच्या वड्यांना सांबारवडी. दक्षिणेकडच्या वाचकाला सांबार म्हणजे डाळीचे कालवण. आम्ही 'भाकर' म्हणतो आणि तिच्याबरोबर 'चून' खातो. आमची पाटोडी बेसनाची, झणझणीत रश्शात सोडलेली. कोकणी घरचे पत्रोडे अळूच्या पानांचे. गोव्याची पातोळी हळदीच्या पानात उकडलेली आणि गोड. तीन शब्द कानाला बहिणी वाटतात, पण पदार्थ तीन. आपापल्या घरच्या अर्थासह ते लिहून ठेवले नाहीत, तर पुढच्या पिढीला शब्द राहील आणि पदार्थ जाईल, किंवा पदार्थ राहून त्याचे नाव हिंदी होईल.

मांड्यांचेच पाहा. आमच्या भागात आणि नागपुराकडे गव्हाचे बारीक पीठ पाण्याने सैल भिजवून, पुष्कळ वेळ आपटून-तिंबून, दोन्ही हातांवर लांबवीत नेतात आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकतात. सोमेश्वराच्या ग्रंथातील खापर आठ-नऊ शतकांनंतरही तापते आहे. हे करणाऱ्या बाया आता थोड्या राहिल्या. पीठ किती सैल असावे याचे उत्तर त्यांच्या मनगटात आहे, कागदावर नाही. रोडग्यांचेही तसेच. जाडसर कणकेचे थर बांधून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, हे आमच्याकडील नवसाचे अन्न. एकनाथांच्या भारुडात रोडग्याचा नवस येतो, इतके ते जुने. मराठी भाविकाला ते भारूड पाठ असते. रोडगा मात्र त्याच्या नातवाला करता येईलच अशी खात्री देता येत नाही.

देवस्थानांच्या भंडाऱ्यांविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. सौसरजवळ जामसावळीचे हनुमान मंदिर आहे. आणि हनुमान जयंतीला किंवा सप्ताहाच्या समाप्तीला गावोगाव पंगती उठतात. हजार पानांचा स्वयंपाक हा दहा पानांच्या स्वयंपाकाची शंभरपट नव्हे, हे आचारी जाणतो. घरी एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी ठीक. मोठ्या गंजात त्याच प्रमाणाने पाणी घातले तर भाताचा लगदा होतो, कारण तेथे वाफेवाटे पाणी त्या मानाने कमी उडते. मीठ-तिखटही त्याच पटीने वाढवीत गेल्यास वरण तोंडात धरवत नाही. चुलाणातील लाकूड केव्हा मागे ओढावे, बुंदीचा पाक कोणत्या तारेवर उतरावा, हे ज्ञान बहुधा गावातील दोघा-चौघा वृद्धांपाशी असते. त्यांच्यामागून ते कोठून आणावयाचे?

हातगुण लिहिता येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. हात लिहिता येत नसला तरी हाताला कळणारी खूण लिहिता येते. रोडग्याला वरून भेग पडली की तो भाजला. पुरणात उभा केलेला सराटा पडला नाही की ते आटले. जुन्या इंग्रजी बायांनी हेच केले; फावडे, स्तोत्र, तराजू, जे हाती होते त्याने खूण सांगितली. त्यांचे ग्रंथ आजच्या गृहिणीला जवळचे वाटतात याचे कारण हेच, की त्यांत आज्ञा करणारा आचारी बोलत नाही. शेजारी उभी राहून दाखवणारी बाई बोलते.

म्हणून आमच्या भागातील सुशिक्षित लेकीसुनांना, आणि लेकांनाही, आमचे सांगणे असे. घरातील व गावातील वडीलधाऱ्या माणसांपाशी बसून एकेक कृती लिहून घ्यावी. माप वाटीने घ्यावे आणि खूण त्यांच्याच शब्दांत लिहावी. सांबाराची कोथिंबीर करू नये. ज्यांनी कृती सांगितली त्यांचे नाव त्यांच्या संमतीने खाली घालावे, म्हणजे बीटनबाईंचा दोष आपल्याला लागणार नाही. पदार्थ कोणत्या सणाचा, कोणत्या नैवेद्याचा, कोणत्या ऋतूचा, हेही नोंदवावे. पुरणपोळीइतक्याच आदराने अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या व आंबील लिहावी. ज्या घरांनी वर्षानुवर्षे त्यांवर दिवस काढले त्यांचीही ती परंपरा आहे. आणि कृती स्वतः करून पाहिल्यावर, जुन्या इंग्रजी वह्यांतल्याप्रमाणे, तिच्यापुढे 'सिद्ध झाली' असे लिहावे.

आमच्या मुली नागपूर-पुण्याला, आणि त्याहून दूर, संसार मांडीत आहेत. इंग्लंडातील गिरणीगावांत जी वेळ आली तीच आता आमच्या उंबरठ्यावर उभी आहे. भेद एवढाच की आमच्याकडे नाते तुटते आहे ते केवळ शिकवणाऱ्या हाताशी नव्हे, शिकवणाऱ्या भाषेशीही. सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत आणि लिहिणारी मुलेही आहेत. या दोघांची गाठ घालून देणारी दोनशे पानी एक साधी वही घरोघर निघाली, तरी पुष्कळ काम होईल.